पिंटूचं उष्टं

इंगळे सरांनी माझा कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला तेव्हा आधी शेव पडली. मग कचोरीचा पापुद्रा, मग सुपारीचं खांड, मग झुरळाचं एक वाळलेलं पिल्लू, आणि सगळ्यात शेवटी, निघता निघत नसलेल्या पाहुण्यासारखं, एक नख. नख माझंच होतं. आमची ओळख होऊन तेव्हा जेमतेम चहा सांगण्याइतका वेळ झाला होता.

"हे खायचं यंत्र हाय का लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. "म्हणजे, एका वेळी एकच."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. त्यांचं नाक वर गेलं, वरचा ओठ डावीकडे सरकला, मान मागं गेली. नासलेलं दूध कुणी नाकाखाली धरावं तसं. तो चेहरा मी पुढं इतक्या वेळा पाहिला की आजही सर आठवले की आधी तोच दिसतो. बाकीचे इंगळे सर मागून, सावकाश, हात धुऊन येतात.

मेहकरहून डोणगावकडं निघालं की सोयाबीनच्या वावरांमधून एकदम एक गुलाबी इमारत वर येते. ते आमचं तंत्रनिकेतन. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणजे पोरांच्या एक पान पुढं असतो. इंगळे सर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. आधी कुठल्या कुठल्या कारखान्यांत यंत्रं दुरुस्त करत फिरले होते, मग जिल्ह्यात परत आले आणि आमच्याकडं कंत्राटी म्हणून लागले. कंत्राटी म्हणजे दर सत्राला नव्यानं नेमणूक. वेळापत्रकात नाव लागलं तर सर, नाही लागलं तर श्री. इंगळे.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक टूथब्रश असायचा. दातांचा नव्हे, यंत्रांचा. पिशवीत स्पिरिटची बाटली आणि स्वतःचा कप. विजेचं बटन दाबायचं तर बोटाला रुमाल गुंडाळून. आमच्या विभागाच्या बेसिनपाशी खिळ्याला एक टॉवेल लटकलेला असे. मी नोकरीला लागलो तेव्हा तो पिवळा होता. मूळ रंगाबद्दल जुन्या लोकांतही एकमत नव्हतं. आम्ही सगळे त्यालाच हात पुसत होतो आणि त्याच हातानं कचोरी खात होतो. सर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि टॉवेलाकडं न बघता, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, वाळेपर्यंत व्हरांड्यात फिरायचे. पोट्टे म्हणायचे, "सर ऑपरेशनले चालले."

त्यांच्याकडं गुण द्यायची एक वेगळीच पद्धत होती. चूक साधी असेल तर "छ्या". आळसाची असेल तर "शी". दुसऱ्याचं काम उचलून आपलं म्हणून दाखवलं तर "ओकारी येते बाप्पा, ओकारी". आणि त्याच्याही पलीकडचं काही असलं, तर ते काहीच बोलत नसत. फक्त हात धुवायला जात. ओकारीपर्यंत मी नियमित जात असे. पलीकडं एकदाच गेलो, ते पुढं येईलच.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि विभागात नवीन बोर्ड आले. काडेपेटीएवढा एक छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही (त्यामुळं शेवेची सोय नाही), नुसता एक बारीक दिवा आणि केबल लावायला तोंड. मोठ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा, तो केबलमधून बोर्डात उतरवायचा, आणि दिवा उघडझाप करायला लागला की म्हणायचं, जमलं. पण त्याआधी मोठ्या कॉम्प्युटरवर सगळा संसार मांडावा लागतो. लिहायची जागा, लिहिलेलं दळून बोर्डाच्या भाषेत करून देणारा कंपायलर, बोर्डाला ओळखणारा ड्रायव्हर, आणि कोण कुठं राहतं ते एकमेकांना सांगून ठेवणं. नव्या घरात चहा करायचा तरी आधी शेगडी, सिलिंडर, गाळणी लावावी लागते, तसंच.

मी तो संसार एका दुपारीत मांडला होता. माझ्या एका मित्रानं जालन्याकडच्या त्याच्या मित्राकडून पेन ड्राइव्ह आणला, त्यात सगळं तयार. उचललं, ओतलं. कॉम्प्युटर म्हणाला, 'पिंटू' नावाचं फोल्डर सापडत नाही. ज्याच्या मशीनवरून ते पहिल्यांदा उचललं गेलं, तो पिंटू. सगळे पत्ते त्याच्या घरचे होते. दुसऱ्या कुणी पत्ते बदलले असते. मी प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पिंटू नावाचं खातं उघडलं आणि पिंटूचं अख्खं बिऱ्हाड तिथं आणून टाकलं. झालं. चालायला लागलं. बिऱ्हाडाबरोबर त्याचा फोटोही आला. शेरवानी, गॉगल, हनुवटीखाली मूठ, आणि मागं आमच्या जिल्ह्यात नसलेला धबधबा. सकाळी लाइट आली की सगळ्या पडद्यांवर एकदम पिंटू. पोट्टे प्रोग्राम चालवायच्या आधी हात जोडायचे, "पिंटूबाबा, होऊ दे बाप्पा."

इंगळे सर पहिल्यांदा प्रयोगशाळेत आले आणि रांगेनं सगळ्या पडद्यांकडं बघत गेले.

"हे कोन हाय?"

"पिंटू."

"कोन पिंटू?"

"ते कोणालाच माहीत नाही सर."

"तुमी त्याच्या घरात राहून राह्यले, अन् तो कोन हेच तुमाले माहीत नाही?"

त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली आणि पिंटूचं घर उघडलं. मी कधी आत गेलो नव्हतो. आत गाणी होती, कोणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ होते, नवीन फोल्डरमध्ये नवीन फोल्डर आणि त्याच्या आत आणखी एक नवीन फोल्डर होतं, अर्धवट उतरलेले सिनेमे होते, आणि या सगळ्यावर माशा बसाव्यात तसे व्हायरस. कंपायलर मध्येच कुठंतरी, उकिरड्यात चमचा सापडावा तसा.

"शी," सर म्हणाले. मग आणखी खाली गेले. "ओकारी येते बाप्पा." मग माझ्याकडं वळले. "म्हस्के सर, हे उष्टं हाय. पिंटूनं खाल्लं, त्याच्या दोस्तानं खाल्लं, त्याच्या दोस्तानं खाल्लं, अन् ताट तसंच न धुता तुमी आमच्या पोट्ट्यांपुढं सरकवलं."

"पण सर, दिवा लागतो ना?"

"दिवा पिंटूचा लागते."

या वाक्याचं मला तेव्हा फार काही वाटलं नाही.

त्यांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. पाचव्या सत्राच्या या पोरांना कोऱ्या कॉम्प्युटरवर सगळं स्वतः मांडता यावं. आणि सहाव्या सत्रात तीच पोरं आपापल्या डोक्यातून प्रकल्प करतील तेव्हा तिथं उभं राहून ते बघावं. "आता बाराखडी चालू हाय," ते म्हणायचे. "पुढच्या सत्रात हे पोट्टे बोलतीन. तवा मी पाह्यजे इथी." त्या 'पाह्यजे'साठी वेळापत्रकात नाव लागायला हवं होतं. आणि ते प्राचार्यांच्या हातात होतं.

प्राचार्यांचं पिंटूवर प्रेम होतं. पिंटूला इंटरनेट लागत नसे, वेळ लागत नसे, आणि परीक्षा जेवणाआधी आटपत असे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथला हार, ड्रिलिंग मशीनला हार, कॉम्प्युटरला कुंकवाचं बोट. त्या वर्षी विभागाची पूजा माझ्याकडं होती, आणि नवीन बोर्ड आहेत म्हटल्यावर मला भरून आलं. मी सगळे बोर्ड पाटावर मांडले, हळदीत पाणी जरा जास्त झालं होतं ते तसंच कालवलं, आणि एकेकावर मनापासून सोडलं. कुंकू, अक्षता, वर झेंडूची पाकळी. मोबाइलवर फोटो काढले. फार सुरेख आले.

सुट्टीनंतर निम्मे बोर्ड मेले. केबल लावली की कॉम्प्युटर म्हणे, असं काही लावलेलंच नाही. मी ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. पिंटूला काढला, पुन्हा टाकला. केबली बदलल्या. एका कॉम्प्युटरवर तर चिडून मी सगळंच पुसलं आणि मग आठवलं की विभागाचे हजेरीपट त्याच्यातच होते. शेवटी बोर्ड घेऊन सरांकडं गेलो.

त्यांनी बोर्ड हातात घेतला नाही. चिमट्यात धरला, नाकाशी नेला.

"हळद," ते म्हणाले. मग तोंडाकडून बघितलं. "अन् आत तांदूळ हाय."

केबल जिथं जाते त्या भोकात मी अक्षता कोंबल्या होत्या. वर हळद वाळून घट्ट.

सर बेसिनपाशी बसले. टूथब्रश, स्पिरिट, टाचणी. एकेका बोर्डाच्या तोंडातून ओला लालपिवळा चिखल काढत होते आणि प्रत्येक वेळी ओठ डावीकडं. तेवढ्यात आमचे शिपाई गजाननभाऊ पाणी भरायला आले. गजाननभाऊ वाईट माणूस नाहीत, पण त्यांच्या डोक्यात आलेलं तोंडातून निघायला मध्ये कुठं थांबत नाही.

"इंगळे सर, पूजेचा राग हाय का तुमाले? तुमच्यात नसते, म्हून म्हनलं."

मी माझ्या बुटांकडं बघायला लागलो. सरांनी वर न बघता विचारलं, "गजाननभाऊ, तुमी देवाची पूजा करता. देवाच्या नाकात तांदूळ कोंबता का?"

"नाकात नाही सर. पन पेढा लावतो तोंडाले."

"मंग धुता का नाही दुसऱ्या दिवशी?"

"हाव, ते तं धुतोच."

"यायले कोनं धुतलं?"

गजाननभाऊंनी माझ्याकडं बघितलं. तरी कॉलेजात बोलणं झालंच, की इंगळेंना पूजा खुपते. ते बोलणं पुढं चौदा एप्रिलला बंद पडायला हवं होतं. त्या दिवशी सरांच्याच वस्तीतली पोरं निळा गुलाल घेऊन, प्रयोगशाळेत बाबासाहेबांचा फोटो ठेवू म्हणून आली. सर दारात आडवे उभे. "फोटो आणा. मी सोता लावतो. गुलाल उंबऱ्याच्या आत आला तं तंगडं मोडीन." पोरं चिडून गेली. पण ते एप्रिलात. त्याच्या आधी डिसेंबर येतो, आणि आमची गोष्ट डिसेंबरात संपते. एप्रिलात सर आमच्याकडं नव्हते. ते तेव्हा दुसऱ्याच एका शिकवणीवर्गात शिकवत होते, आणि ज्या दारात आडवे उभे राहिले ते तिथल्या प्रयोगशाळेचं. मला हे कळलं ते शीतलकडून. शीतल म्हणजे त्यांची विद्यार्थिनी, वरवट बकालची. तिची ओळख येतेच आहे.

बोर्ड धुऊन झाले तसे सर पिंटूच्या मागं लागले. सगळी मशीनं पुसून कोरी करू म्हणाले. मी म्हटलं, सर, परीक्षा तोंडावर आली. आणि वर, आपण फार व्यवहारी आहोत अशा आवाजात म्हटलं, "उष्टं तर उष्टं. पोट भरल्याशी काम."

सर वळले. नळाकडं गेले, हात धुतले. ओकारीच्या पलीकडं गेलो तो हाच दिवस. हात हवेत धरून ते परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. 'म्हस्के सर'चं 'तू' झालं होतं.

"माही आजी सनाच्या दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन गावात फिरे. दारोदार. पोळ्या, वरन, भात, कढी, सगळं एकातच. कोनाचा दात लागेल, कोनाचं बोट बुडेल. घरी आनलं का सगळे लेकरं तुटून पडत. माह्या बापानं एकदा ते टोपलं नेऊन उकिरड्यावर उलटं केलं. भरलेलं. त्या सनाले आमच्या घरी कोनीच जेवलं नाही. आजी रडे. बाप म्हने, उपाशी राह्यलो तरी चालते, पन आजपासून याच्यात नाही." ते थांबले. "पोट त्याच्यानंही भरेच, म्हस्के. तू मले शिकवून राह्यला?"

आमच्या घराच्या मागच्या दाराशी सणाच्या दुसऱ्या दिवशी कोण यायचं, आणि आमची आजी ताटांतलं खरकटं एकीकडं का काढून ठेवायची, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बेसिनवरचा नळ टपकत होता. सर माझ्या मागं वाकून तो घट्ट बंद करायला गेले, मग आठवलं असावं की हात धुतलेत. कोपरानं बंद केला.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी सगळी मशीनं पुसली. पिंटूचा फोटो एकेका पडद्यावरून गेला तेव्हा पोट्ट्यांनी "पिंटूबाबा अमर रहे" केलं. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, मलाही. मी का, ते कळलं नाही, बहुतेक साक्षीला.

"इंगळे सर, परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतायत. काही अडलं तर पुढच्या सत्राचं मी सांगू शकत नाही."

"काही तं अडनच साहेब," सर म्हणाले. "अडल्यावर सोडवता येते का, याचीच परीक्षा हाय."

प्राचार्यांनी पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं.

कॉलेजचं इंटरनेट असून नसल्यासारखं. मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सगळी पोरं तिथं बसून ज्यानं बनवलं त्याच्याच साइटवरून एकेक गोष्ट उतरवत होती. मी म्हटलं, "सर, हेही दुसऱ्याचंच ना?" ते म्हणाले, "दाने विकत आनले तं चालते. पोळी आपली आपन लाटाची." प्रत्येकानं खातं आपल्या नावानं उघडायचं, एकेक वस्तू लावायची, आणि ती काय करते ते मोठ्यानं सांगायचं. चुकलं की पुसा, पहिल्यापासून. छ्या, शी, छ्या, छ्या, शी. दिवसभर प्रयोगशाळेतून सोडावॉटरच्या बाटल्या उघडल्यासारखा आवाज येई.

एक मशीन त्यांनी मलाही दिलं. मी साइटवर गेलो. तिथं एक बारीक अक्षरांची ओळ होती आणि खाली मोठं हिरवं बटन होतं. मोठं असतं तेच खरं, या तत्त्वावर मी आजवर जगलो आहे. बटन दाबलं. पुढे, पुढे, होय, मान्य. थोड्या वेळानं माझ्या मशीनवर तीन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत होते, फळं कापायचा एक खेळ आपोआप सुरू झाला होता, आणि एक बाई मला वजन कमी करायला सांगत होती. कंपायलर नव्हता. सर मागं येऊन उभे राहिले. कलिंगड फुटल्याचा आवाज आला.

"ओकारी," ते म्हणाले, पण जरा मायेनं.

शीतलचं मशीन माझ्या शेजारी. ती वसतिगृहात राहायची, बोलायची कमी. तिसऱ्यांदा पुसून चौथ्यांदा मांडत होती. तिच्या बोर्डावरचा दिवा लागला तेव्हा ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "सर, हा माहा हाय." सरांनी बघितलं आणि नाक वर गेलं नाही. एवढंच. त्यांच्याकडं ही सर्वांत वरची श्रेणी.

आता परीक्षा. आमच्या भागात बाहेरच्या परीक्षकाची परीक्षा म्हणजे खरी त्याच्या जेवणाची. कॉलेजची अब्रू दिव्यावर नसते, पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शावर असते. प्राचार्यांच्या घरून डबे आले होते. पातोडी, बट्ट्या, तूप, शिरा. परीक्षक दुपारी जेवतील, सही करतील, गाडीत बसतील, असा बेत.

परीक्षक आले, प्रयोगशाळेत शिरले आणि कोऱ्या पडद्यांकडं बघून म्हणाले, "पिंटू कुठं आहे?"

मी गार. सरांचं नाक वर.

"पिंटू नाही तुमच्याकडं? कमाल आहे. आमच्याकडं आहे. मी जिथं जिथं परीक्षेला जातो तिथं पिंटू असतो. गॉगलवाला." ते चांगल्या मनानं बोलत होते. "पोरं येतात, बटन दाबतात, दिवा लागतो, झालं. तुमच्याकडं काय पद्धत आहे?"

आमची पद्धत सुरू झाली. प्रत्येकानं शून्यापासून मांडायचं. जेवणाची वेळ झाली तेव्हा निम्म्यांचेच दिवे लागले होते. शीतलचा प्रोग्राम बोर्डात उतरेना. तिनं केबल काढली, बोर्ड उलटा केला आणि नाकाशी नेऊन वास घेतला.

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाले.

"जळला नाही सर. हळदही नाही," ती म्हणाली. मग तिनं ओठ दाबून विचार केला, प्रोग्राम उतरत असताना बोर्डावरचं बारीक बटन दाबून धरलं, सोडलं. दिवा लागला. परीक्षक खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि विचारत सुटले. हे का, ते कुठून, हे नसतं तर? ती सांगत होती. दारात प्राचार्य दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा गजाननभाऊ आले, "साहेब, जेवन थंडं होऊन राह्यलं." परीक्षकांनी हातानं थांब अशी खूण केली.

दोन मशीनं शेवटपर्यंत चालली नाहीत. त्या दोन पोरांनी का चाललं नाही ते लिहून दिलं, आणि परीक्षकांनी दोघांनाही पास केलं. सगळं आटपलं तेव्हा उन्हं उतरली होती. पातोडीच्या रश्शावर तेल थिजून पिवळी साय धरली होती, बट्ट्या नदीतल्या गोट्यांसारख्या. प्राचार्य परत गरम करा म्हणाले. गॅस संपला होता. परीक्षकांनी घास घेतला, आणि तो गिळताना त्यांचा चेहरा जो झाला, तो मी ओळखत होतो. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "पोरं फार तयार आहेत हो तुमची. वेळ मात्र लागतो."

प्राचार्यांनी त्यातलं दुसरं वाक्य घेतलं. संध्याकाळी व्हरांड्यात मला एवढंच म्हणाले, "पाहुणा थंडी पातोडी खाऊन गेला, म्हस्के." बाप वारल्यासारखे.

पुढचं आधीच सांगून टाकतो. आता सरांच्या जागी एक नवीन तरुण आहेत. आले तेच खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. एका दुपारीत सगळं मांडलं. सकाळी लाइट आली आणि पडद्यांवर पुन्हा पिंटू. आता त्याचं लग्न झालंय. शेजारी बायको, कडेवर गॉगल घातलेलं मूल, मागं तोच धबधबा. मला त्या दिवशी कचोरी गेली नाही. खरंच गेली नाही. तोंडाशी नेली, कीबोर्डकडं बघितलं, आणि आत काहीतरी डावीकडं सरकलं. त्या सत्रात शीतल आणि आणखी काही जणी प्रकल्पाला पिंटूवर बसल्या नाहीत. आपलं मशीन आणत, नाहीतर एकमेकींचं वापरत, आणि अडलं की सरांना फोन करत. नवीन सर मला म्हणाले, "ह्या पोरी बोर्डाचा वास का घेतात हो?"

पण मला सांगायचंय ते नवीन सत्राच्या पहिल्या दिवसाचं. वेळापत्रक लागलं होतं. मी आधीच पाहिलं होतं आणि जिन्याखाली उगाच उभा होतो. सर आले, खांद्याला पिशवी, खिशात टूथब्रश. फलकासमोर थांबले. सहाव्या सत्राच्या चौकोनावरून त्यांचं बोट कागदाला न टेकता, हवेतूनच फिरत गेलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पुन्हा वरून. त्यांच्या तासांच्या जागी 'नवीन शिक्षक' लिहिलं होतं. कुणी त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, तिथं पोचल्यावर विसरलो. सर आता अक्षरांकडं बघत नव्हते. कागदाचा कोपरा फुगला होता, आणि त्याच्या कडेनं काहीतरी पांढरं बाहेर आलं होतं. त्यांनी त्याला बोट लावलं.

"गजाननभाऊ," त्यांनी हाक मारली. गजाननभाऊ स्टुलावरून उठले. "हे कायनं चिटकवलं?"

"भातानं सर. डिंक सरला व्हता."

"कुठला भात?"

"डब्यातला हाय. माहं जेऊन उरला व्हता, तोच लावला."

सरांनी बोटाला चिकटलेल्या शिताकडं बघितलं. मी छ्याची वाट पाहिली. निदान शीची. गजाननभाऊही वाट बघत होते, त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

सर बेसिनकडं गेले. बाह्या वर केल्या, साबण लावला, एकेक बोट, एकेक नख, कोपरापर्यंत. टॉवेल खिळ्याला होता. मग पिशवी खांद्यावर सावरून दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि व्हरांड्यातून, पायऱ्यांवरून, फाटकाकडं चालत गेले. मी मागून "सर" म्हणालो. ते वळले. नमस्कार करायला हात वर आले आणि मध्येच थांबले, बोटांवरून पाणी गळत होतं. मान हलवली. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या वावरांच्या कडेनं रस्त्याला लागले, हात तसेच हवेत. ऊन चांगलं होतं. तरी दिसेनासे होईपर्यंत ते वाळले नव्हते.